पर्यावरणात करिअर म्हणजे नक्की काय करायचं असतं, एका बाटलीवरून सांगतो

एसवायला असताना पर्यावरणाचा तो पेपर बहुतेकांनी दिलाय. पेपरातली कात्रणं चिकटवायची, मागच्या वर्षीची कोणाची तरी फाइल मिळाली तर कव्हर बदलायचं, झाला प्रोजेक्ट. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये पर्यावरण शिकवा असा आदेश दिला, पुढे यूजीसीनं ते सगळ्याच शाखांना कंपल्सरी केलं, हेतू चांगलाच होता, पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला की पर्यावरण म्हणजे निबंधाचा विषय. मग कोणी एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स करतोय म्हटलं की नातेवाईक विचारतात, म्हणजे झाडं लावणार का? मला लग्नात, मुंजीत, सगळीकडे विचारून झालंय.

नोकरी म्हणून मी अजून एकही झाड लावलेलं नाही. माझी सुरुवात झाली ती ३०० मिलीच्या एका काचेच्या बाटलीपासून.

त्या बाटलीला बीओडी बॉटल म्हणतात, बीओडी म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, घाणीला लागणारा ऑक्सिजन. नदीत सांडपाणी मिसळलं की त्यातली घाण बॅक्टेरिया खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, जितकी घाण जास्त तितका ऑक्सिजन जास्त संपतो, मग माशांना काही उरत नाही. तर तो किती संपतो ते मोजायचं. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये, एका बाटलीत आजच ऑक्सिजन मोजायचा, तशीच दुसरी अंधाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, काही दिवसांनी तिच्यात मोजायचा आणि वजाबाकी. जुन्या इंग्रजी पद्धतीत ही टेस्ट २० डिग्रीला ५ दिवस चालते, आणि ५ दिवसच का, तर म्हणे तिकडच्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात! आपल्याकडे पाणी गरम, बॅक्टेरिया जोरात, म्हणून २७ डिग्रीला ३ दिवस. नदीत आंघोळ करायची तर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको असं आपलं मानक आहे, आणि याच आकड्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात. यात आपला पहिला नंबर लागतो.

आता माझी फजिती. पाण्यात ऑक्सिजन मुळात मावतोच किती, तर २७ डिग्रीला लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास. डेअरीच्या सांडपाण्याची भूक शेकड्यांत, हजारांत असते, म्हणून टेस्ट लावायच्या आधी ते भरपूर पातळ करावं लागतं. पहिल्या नोकरीत, एका छोट्या खासगी लॅबमध्ये, किती पातळ करायचं हा माझा अंदाज साफ चुकला. तिसऱ्या दिवशी बाटलीत मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर इथे तपकिरी गाळ बसतो, माझ्या बाटलीत पांढराशुभ्र. मी खूश, वाटलं पाणी एकदम स्वच्छ आलं. सीनियर मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ऑक्सिजन संपलाय सगळा, पांढरं म्हणजे मेलेलं पाणी." तीन दिवस वाया, आणि नवीन सॅम्पल आणायला दीडशे किलोमीटर परत. पुस्तकात ही ओळ मी परीक्षेसाठी पाठ केली होती बरं का.

हे सगळं सांगायचं कारण असं की या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या अशाच एखाद्या आकड्याच्या अवतीभवती असतात, कोणी तो काढतं, कोणी तो खाली आणतं, कोणी तपासतं, आणि कोणी त्यावरून भांडतं.

खाली आणणारे म्हणजे कंपनीतले लोक. एमआयडीसीत कुठेही जा, केमिकल, फार्मा, साखर, कागद, ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आलाच, आणि तो चालवायला माणूस लागतो. एरिएशन टँकमधलं, म्हणजे बॅक्टेरियांसाठी हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी मोजपात्रात लिटरभर घ्यायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं आणि गाळ किती बसला ते बघायचं, कसलेला ऑपरेटर नुसत्या वासावरून सांगतो की आज बॅक्टेरिया नाराज आहेत. या नोकरीत कागदपण खूप, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट म्हणजे परवानगी, त्याचं रिन्यूअल, दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र. आणि प्रॉडक्शनवाल्यांशी रोजची वादावादी, ती सिलॅबसमध्ये नसते.

तपासणारं म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे १९७० पासूनचं, केंद्रीय मंडळ १९७४ मध्ये आलं, म्हणजे आपण दिल्लीच्या आधी. तिथला क्षेत्र अधिकारी कारखान्यात जाऊन सॅम्पल घेतो. जागा मोजक्या, भरती कधी निघेल याचा नेम नाही, त्यामुळे फक्त तिच्यावर डोळे लावून बसू नका. भांडण व्हायचं ते राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टात, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, आणि ज्याला बीओडीचा रिपोर्ट वाचता येतो असा वकील मिळणं अवघड असतं. लॉ करणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात ठेवा.

मग ईआयए, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल इम्पॅक्ट असेसमेंटची, कन्सल्टन्सी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करावा लागतो, त्यासाठी हवा, पाणी, माती, आवाज, झाडंप्राणी, गावातले लोक, सगळ्यांचे वेगवेगळे तज्ज्ञ लागतात. फिरायला भरपूर मिळतं. जनसुनावणीसाठी अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो आणि तो इतका भयानक मराठीत असतो की विचारू नका, गावकऱ्यांना कळेल असं नीट मराठी लिहिता येणं हे इथे खरंच स्किल आहे. पण एक खटकतंच, कन्सल्टंटला पैसे तोच देतो ज्याला परवानगी हवी असते. त्यामुळे ताठ कणा ठेवून काम करायचं तर फर्म बघून जॉइन करा.

कोडिंग आवडत असेल तर हवेकडे या. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानाची संशोधन संस्था आहे, तिथल्या सफर प्रकल्पातून शहरांच्या हवेचा अंदाज दिला जातो, त्यामागे मॉडेल चालवणारे लोक असतात, ज्यांनी टेस्टट्यूब कदाचित वर्षानुवर्षं धरलेली नसते. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९५८ पासूनची, रिसर्च करायचा तर तिकडे बघाच. जिऑलॉजीवाल्यांना भूजल सर्वेक्षण यंत्रणा. आणि सध्या सगळे ईएसजी ईएसजी (कंपनीचं पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबतचं वागणं) करतात ते शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीमुळे, बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा त्याबद्दलचा अहवाल सक्तीचा झाला. एसी ऑफिस, पगार बरा, पण दिवसभर एक्सेल. मला नाही जमणार, माझी मैत्रीण मजेत आहे.

आता कोर्सबद्दल, आणि हे माझं मत आहे, प्राध्यापक मंडळी चिडतील. बीएस्सीच नुसत्या एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये करण्यापेक्षा केमिस्ट्री, बॉटनी, जिऑलॉजी, स्टॅट्स असं एक हत्यार आधी हातात घ्या आणि मग एमएस्सीला इकडे या. एक व्यवहाराचं कारणपण आहे. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेला पदवीत जे विषय चालतात त्या यादीत बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, जिऑलॉजी, स्टॅट्स आहेत, पशुवैद्यक आहे, शेती, फॉरेस्ट्री, इंजिनीअरिंगच्या डिग्र्या आहेत, पण पर्यावरण विज्ञान नाही! जंगलासाठी म्हणून ही डिग्री घेतली आणि फॉर्म भरताना कळलं, असं होऊ नये. गेटमध्ये मात्र २०२१ पासून एन्व्हायर्नमेंटचा स्वतंत्र पेपर आहे, एमटेक करायचं तर तो रस्ता.

पगार सुरुवातीला कमी असतो, लॅबमध्ये तर फारच, आयटीतल्या मित्राला सांगायची लाज वाटेल इतका. दोनतीन वर्षं काढली की फरक पडतो, तेही सगळ्यांना नाही.

सुट्टीत महिनाभर एखाद्या लॅबमध्ये किंवा ईटीपीवर फुकट राबून बघा, वास सहन होतो का ते पहिल्या आठवड्यात कळतं. आणि तिथे बीओडी लावायला सांगितलं तर गुरुवारी लावू नका, तीन दिवसांनी रविवार येतो, आणि बाटली उघडायला तुम्हालाच बोलावतात.