तपासणीचा निकाल आणि योगायोगाचा वाटा : बार्शी-धाराशिव परिसरातील अभ्यासाची पार्श्वभूमी

सोलापूर शहरातील विडी कामगारांच्या वसाहतींत आणि जिल्ह्यातील उपकेंद्रांवर तिशी ओलांडलेल्या महिलांसाठी कर्करोग तपासणीची शिबिरे भरतात, तेव्हा बहुतेक बायका तपासणीच्या टेबलापेक्षा निकालाच्या कागदाला अधिक घाबरलेल्या असतात. त्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा आला की घरात कॅन्सर शिरला असे धरले जाते आणि ‘निगेटिव्ह’ आला की पुढची कित्येक वर्षे विषय मिटला असे मानले जाते. या दोन्ही शेऱ्यांमध्ये योगायोगाचा वाटा किती असतो, हे मात्र शिबिरात क्वचितच सांगितले जाते. त्याचा वर्षानुवर्षे आकडे मोजून घेतलेला शोध आपल्याच जिल्ह्यातील बार्शीमधून आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांमधून झालेला असल्यामुळे त्याची पार्श्वभूमी येथील वाचकांसमोर मांडणे आवश्यक वाटते.

तपासणीतून लवकर सापडलेला रोग म्हणजे वाचलेला जीव, हे समीकरण दिसते तितके सरळ नाही, हे 1960 च्या दशकातच लक्षात येऊ लागले होते. न्यूयॉर्कमध्ये 1963 साली सुमारे 62 हजार महिलांवर स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा अभ्यास सुरू झाला आणि त्याच दशकात संख्याशास्त्रज्ञांनी एक अडचण नेमकी मांडली. संथ वाढणारी गाठ शरीरात अनेक वर्षे राहते, त्यामुळे कोणत्याही एका दिवशी केलेल्या तपासणीत ती सापडण्याची शक्यता जास्त असते. वेगाने वाढणारी, म्हणजे खरोखर जीवघेणी गाठ, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवून डोके वर काढते. तपासणीची तारीख कोणती पडली, यावरच काय सापडणार हे बऱ्याच अंशी ठरत असते. जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या लघवीवरून एका दुर्मीळ कर्करोगाची देशव्यापी तपासणी 1980 च्या दशकात सुरू करण्यात आली होती; तिच्यात सापडणाऱ्या कित्येक गाठी उपचाराविना आपोआप विरून गेल्या असत्या असे दिसून आल्यावर 2004 मध्ये ती थांबवण्यात आली. सापडणे आणि वाचणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, हा धडा त्यातून पक्का झाला.

आपल्याकडे मोजण्याची पहिली सोय 1987 मध्ये झाली. त्या वर्षी बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले भूम व परांडा हे तालुके मिळून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयाच्या केसपेपरवरून फक्त दारात पोहोचलेले रुग्ण मोजता येतात. गावोगाव फिरून केलेल्या नोंदणीतून मात्र किती लोकसंख्येत किती रुग्ण, असा प्रमाणाचा आकडा हाती येतो. त्या नोंदींत गर्भाशयमुखाचा, म्हणजे बायकांच्या बोलण्यातल्या पिशवीच्या तोंडाचा कर्करोग ठळकपणे दिसला आणि बहुसंख्य रुग्ण रोग पसरल्यानंतरच येत होते हेही दिसले. पुढचा मोठा अभ्यास या नोंदणीच्या पायावरच उभा राहिला.

1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे 52 समूह करण्यात आले आणि प्रत्येक समूहाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगावर सोपवण्यात आले. काही समूहांतील महिलांची हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी झाली, काहींची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन होणारी तपासणी, आणि काहींची व्हीआयए, म्हणजे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटात तपासणी झाली नाही. आरोग्यशिक्षण आणि एरवी मिळणारी सेवा एवढेच त्या महिलांच्या वाट्याला आले. 30 ते 59 वयोगटातील एकूण 1,31,746 निरोगी महिला यात होत्या. गावे चिठ्ठीने वाटण्यामागचा विचार समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यावरच सगळे अवलंबून आहे. स्वतःहून तपासणीला येणारी बाई बहुधा थोडी शिकलेली, थोडी सधन आणि आपल्या आरोग्याकडे आधीपासून लक्ष देणारी असते. ती जास्त जगली तर श्रेय तपासणीचे की तिच्या परिस्थितीचे, हे सांगता येत नाही. वाटणी योगायोगावर सोडली की शिक्षण, गरिबी आणि तरुण वयातील लग्ने या गोष्टी सर्व गटांत साधारण सारख्या विखुरल्या जातात. संशोधनात शिरलेला नकळतचा कल काढून टाकण्यासाठी येथे योगायोगाचा जाणीवपूर्वक वापर केला गेला.

एकेका महिलेच्या निकालात योगायोग कसा येतो, हे व्हीआयएच्या कृतीकडे जवळून पाहिले की कळते. आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावते, साधारण मिनिटभर थांबते आणि दिव्याच्या प्रकाशात पांढरा डाग उमटतो का ते पाहते. कर्करोगाच्या वाटेवर असलेला भाग पांढरा होतो, परंतु साधी सूज किंवा संसर्ग असला तरी पांढरेपणा येऊ शकतो. डागाची कडा स्पष्ट की पुसट, हे डोळ्यांनीच ठरवायचे असते आणि त्याच डागावर दोन अनुभवी सेविकांचे मत वेगळे पडू शकते. या अभ्यासात व्हीआयए झालेल्या दर 100 महिलांपैकी सुमारे 14 जणींचा निकाल पॉझिटिव्ह आला. पुढील तपासण्यांनंतर ज्यांना खरोखर उपचाराची गरज असलेली गंभीर पूर्वावस्था निघाली, अशा महिला मात्र 100 मध्ये एकही पूर्ण भरत नव्हत्या. हजारी हिशेब केला तर 140 जणींना पुढे पाठवले गेले आणि त्यांपैकी सुमारे सात जणींना तसा दोष निघाला. एचपीव्ही चाचणीत हजारी 103 पॉझिटिव्ह आणि सुमारे नऊ जणींना गंभीर पूर्वावस्था, असे प्रमाण पडले. चाचणीत खोट आहे म्हणून हे घडते असे समजू नये. रोग मुळातच विरळ असेल तर चांगल्या चाचणीतही निरोगी महिलांमधून चुकून उचलल्या गेलेल्यांची संख्या आजारी महिलांपेक्षा जास्तच राहते.

यंत्रावर होणारी चाचणीही यातून सुटत नाही. त्या अभ्यासातील एचपीव्ही चाचणीत नमुन्यातून निघणारा प्रकाश यंत्र मोजत असे आणि ठरलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून जास्त प्रकाश आला तर नमुना पॉझिटिव्ह धरला जाई. मर्यादेच्या अगदी जवळचे नमुने पुन्हा तपासले तर काही वर जातात, काही खाली येतात. ब्रशवर किती पेशी आल्या, एवढ्यावरही ते ठरू शकते. शिवाय हा विषाणू बहुतेक महिलांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलेल्या बाईचा निकाल दोन वर्षांनी निगेटिव्ह आला, तर पहिला निकाल खोटा होता असेही म्हणता येत नाही.

आता मृत्यूंच्या आकड्यांकडे यावे लागेल, कारण सर्वांत मोठा वाद त्यावरच झाला आणि तो अजून पूर्ण शमलेला नाही. 2009 मध्ये आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तपासणी न झालेल्या गटात 64 महिला दगावल्या होत्या, एचपीव्ही गटात 34, पॅप स्मिअर गटात 54 आणि व्हीआयए गटात 56. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे त्यातून सिद्ध झाले. पॅप स्मिअर आणि व्हीआयए यांच्याबद्दल मात्र ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे नोंदवले गेले आणि पुढे अनेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा घेतला गेला.

माझ्या मते येथे वाचनाची चूक झाली. 64 हा आकडा कोरीव नाही. तीच गावे, त्याच महिला आणि तेवढीच वर्षे पुन्हा मिळाली असती तर तो 55 किंवा 72 सुद्धा आला असता. अशा मोजणीत दोन आकड्यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की योगायोगाने पडणाऱ्या फरकाचा ढोबळ अंदाज मिळतो. 64 आणि 34 यांची बेरीज 98, तिचे वर्गमूळ साधारण 10 आणि प्रत्यक्ष फरक 30. तिप्पट फरक योगायोगाने पडणे फार अवघड आहे. 64 आणि 56 यांची बेरीज 120, वर्गमूळ साधारण 11 आणि फरक अवघा 8; एवढा फरक योगायोगानेही सहज पडू शकतो. गटांचे आकार थोडे वेगळे होते आणि गावे समूहाने निवडलेली होती, त्यामुळे संशोधकांचे गणित याहून काटेकोर होते, पण रोख हाच होता. त्या गणितात व्हीआयए गटातील मृत्यूचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या 0.86 पट आले आणि त्याभोवतीचा पट्टा, म्हणजे योगायोग धरून खरे प्रमाण बहुधा ज्या मर्यादांत असेल तो, 0.60 पासून 1.25 पर्यंतचा होता. म्हणजे मृत्यू 40 टक्क्यांनी घटले असण्याशी आणि काहीच न घटण्याशी, दोन्हींशी हे आकडे सुसंगत होते. एवढ्या माहितीवरून व्हीआयए निरुपयोगी ठरत नाही. तिचा फायदा किती, हे या एका अभ्यासाला सांगता आले नाही इतकेच म्हणता येते.

याच चाचणीचा तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात मृत्यू 35 टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. तेथील पट्टा 0.47 ते 0.89 असा होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या करून झालेल्या अभ्यासात ही घट 31 टक्के निघाली. मग उस्मानाबादेतच चाचणी फसली असे म्हणायचे का? तपासणारे हात वेगळे होते, हे खरे आहे. मुंबईत दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले होते, दिंडिगलमध्ये परिचारिका होत्या आणि आपल्याकडे सहायक परिचारिका. मुंबईत फेऱ्याही अधिक झाल्या. तरीही दिंडिगल आणि उस्मानाबादचे पट्टे शेजारी ठेवले तर 0.60 ते 0.89 हा मोठा भाग दोघांनाही समान आहे. दोन्ही ठिकाणी चाचणीचा खरा परिणाम एकच असेल आणि एका ठिकाणी योगायोगाने थोडा जास्त व दुसरीकडे थोडा कमी दिसला असेल, ही शक्यता पूर्णपणे खुली राहते. मराठवाड्यातल्या कामात ढिलाई होती आणि तामिळनाडूत शिस्त होती, अशी कारणे नंतर पुढे केली गेली. या आकड्यांवरून तसे ठरवता येत नाही, आणि त्या सेविकांवर तो अन्याय आहे असे मला वाटते.

2016 मध्ये केंद्र सरकारने 30 ते 65 वयोगटासाठी तपासणीची चौकट ठरवताना गर्भाशयमुखासाठी व्हीआयए निवडली, तिला ही पार्श्वभूमी होती. ज्या चाचणीने आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मृत्यू निम्म्यावर आणले ती सोडून, जिचा फायदा तेथे सिद्ध झाला नाही ती का घेतली, असा आक्षेप घेतला जातो. निर्णयाच्या बाजूने खर्च, प्रयोगशाळांचा अभाव आणि त्याच भेटीत निकाल सांगता येण्याची सोय ही कारणे होती, आणि दिंडिगल व मुंबईचे आकडेही होते. तो निर्णय तेव्हा समर्थनीय होता असेच मी म्हणेन. परंतु तो तात्पुरता समजायला हवा होता.

चौथ्या गटाबाबतचा नैतिक आक्षेपही येथे नोंदवला पाहिजे. पॅप स्मिअरने मृत्यू घटतात हे युरोपातील देशांच्या अनुभवावरून आधीच माहीत असताना 31 हजारांहून अधिक महिलांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न 2012 नंतर देशात आणि परदेशात विचारला गेला. अभ्यासाच्या बाजूने सांगितले गेले की त्या गावांत तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती. हे उत्तर पुरेसे नाही असे मानणारे आजही आहेत, आणि त्या गटातील 64 मृत्यूंकडे पाहिले की त्यांचे म्हणणे बाजूला सारता येत नाही.

योगायोगाचा आणखी एक प्रकार 2021 मध्ये मुंबईच्या स्तन तपासणीच्या निष्कर्षांत दिसला. दीड लाखांहून अधिक महिलांचा वीस वर्षे पाठपुरावा केल्यावर हाताने केलेल्या तपासणीने स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू सर्व वयोगट मिळून 15 टक्क्यांनी घटलेले दिसले, पण तो फरक योगायोगाच्या कक्षेत होता. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांत मात्र सुमारे 30 टक्के घट स्पष्ट दिसली. एका अभ्यासाचे वयानुसार तुकडे करत गेले की एखाद्या तुकड्यात नुसत्या योगायोगानेही ठळक फरक दिसू शकतो, म्हणून अशा निष्कर्षाकडे जपून पाहिले जाते. पन्नाशीपूर्वी स्तन अधिक घट्ट असतात आणि गाठ हाताला कमी लागते, ही शारीरिक बाब त्या निष्कर्षाला बळ देते.

निगेटिव्ह निकालाच्या बाबतीत उस्मानाबादच्या अभ्यासाने दिलेली माहिती तुलनेने दुर्लक्षित राहिली. ज्यांना निगेटिव्ह सांगितले गेले त्यांच्यापैकी पुढे कर्करोग किती जणींना झाला, हे पाहिले तेव्हा व्हीआयए आणि पॅप स्मिअर गटांतील प्रमाण एचपीव्ही गटाच्या चौपटीहून अधिक निघाले. दिव्याखाली न दिसलेला डाग किंवा काचपट्टीवर न आलेली पेशी हेच त्याचे कारण असते. 2021 मध्ये जागतिक शिफारशी बदलल्या. एचपीव्ही चाचणी पाच ते दहा वर्षांनी आणि ती नसेल तेथे व्हीआयए किंवा पॅप स्मिअर दर तीन वर्षांनी करावी असे त्यांत म्हटले आहे. आपल्या 2016 च्या चौकटीत व्हीआयए दर पाच वर्षांनी ठेवलेली आहे, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 30 ते 49 वयोगटातील महिलांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या महिला देशभरात केवळ 1.9 टक्के होत्या. पहिल्या फेरीत जिचा दोष योगायोगाने निसटला, तिला तो पकडला जाण्याची दुसरी संधी या हिशेबाने पाच वर्षांनी मिळते, तीही पुढचे शिबिर तिच्या वस्तीपर्यंत पोहोचले तर.