नवजात पिल्लांची निगा व नोंदवही

कुत्री व्याल्यापासून पिल्ले आठ आठवड्यांची होऊन नव्या घरी जाईपर्यंत पैदासकार रोज जी देखभाल करतो ती, आणि ती ज्या वहीत उतरवतो ती वही, असा या नोंदीचा विषय आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला दिसत नाही, ऐकू येत नाही, आपण होऊन लघवीसुद्धा करता येत नाही. पहिले पाच-सहा दिवस तर थरथरून अंगात ऊब आणण्याचीही सोय नसते. आजाराची ठळक लक्षणे ते दाखवत नाही. सकाळी आईला लुचणारे पिल्लू संध्याकाळी गार पडलेले सापडते. त्याआधी मिळणारी सूचना बहुधा एकच असते, ती म्हणजे वजन. आणि दहा-पंधरा ग्रॅमचा फरक डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसतो.

विताना काय टिपावे

गाभणपण साधारण ६३ दिवसांचे असते. शेवटच्या आठवड्यात कुत्रीचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतात. ते ३७.२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की बहुतेक वेळा २४ तासांत कळा सुरू होतात. पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवा स्राव दिसला तर वार (गर्भात पिल्लाला पोसणारी, नाळेने जोडलेली प्लॅसेंटा) सुटली आहे आणि पिल्लू अजून आत आहे असे समजून पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. पहिल्या पिल्लानंतर तोच स्राव नेहमीचा असतो.

प्रत्येक पिल्लाची वेळ, क्रमांक, नर की मादी, रंग व खुणा, वजन आणि वार पडली की नाही, हे जागच्या जागी लिहायचे. वारेची नोंद सर्वांत जास्त राहून जाते. कुत्री वार लगेच खाऊन टाकते, त्यामुळे नंतर आठवून हिशेब लागत नाही. एखादी आत राहिली तर गर्भाशयात संसर्ग होऊ शकतो, आणि तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

नाळ पोटापासून दोन-अडीच सेंटीमीटरवर स्वच्छ दोऱ्याने बांधून पुढे कापतात व तिचे टोक पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकात बुडवतात. मग करंगळीने पिल्लाची टाळू चाचपायची. ती दुभंगलेली असेल तर दूध नाकातून बाहेर येते आणि श्वासनलिकेत जाते. एकाच रंगाची पिल्ले असली की ओळखीसाठी गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या बांधतात. लोकरीचा धागा चालतो, पण पिल्लू आठवड्या-दीड आठवड्यात दुप्पट होते. गळ्याभोवती बोट सहज जाते का, हे रोज पाहिले नाही तर तोच धागा फास ठरतो.

चीक

कुत्रीच्या वारेतून पिल्लाला फारच थोडी प्रतिकारशक्ती मिळते, बाकीची सगळी चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, येते. पिल्लाच्या आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता जन्मापासूनच घटू लागते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत प्रत्येक पिल्लू लुचले का, हे त्याच्या नावापुढे लिहितात. अशक्त पिल्लाला मागच्या, जास्त दूध असलेल्या सडांना धरून लावायचे आणि दांडग्या भावंडांना तेवढा वेळ बाजूला ठेवायचे.

वजनाचे कोष्टक

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर खोलगट भांडे, भांड्यात सुती फडके, मग काटा शून्यावर आणून पिल्लू ठेवायचे. पिल्लू वळवळते, आकडा नाचतो. हाताचा तळवा त्याच्या पाठीवर किंचित वर धरून ठेवला की उबेने ते क्षणभर शांत होते, आणि तेवढ्यात आकडा वाचून घ्यायचा. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पाजण्याच्या आधी वजन करावे. एकदा भरल्या पोटी आणि एकदा रिकाम्या पोटी केलेली वजने एकमेकांशी ताडून उपयोग नसतो.

पहिल्या २४ तासांत जन्मवजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत घट चालते. पुढे रोज ५ ते १० टक्के वाढ हवी आणि सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत वजन दुप्पट व्हावे. समजा, लॅब्राडोरचे पिल्लू ४१० ग्रॅमचे जन्मले आणि दुसऱ्या दिवशी ३९८ भरले, तर घाबरण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी भावंडे ४४०च्या पुढे गेली आणि हे मात्र ३९८वरच अडकले, तर ते कितीही गुबगुबीत दिसो, त्याला वरचे दूध आणि तपासणी लागते. एकच पिल्लू मागे पडले तर दोष त्याच्यात शोधावा. सगळीच थांबली तर आईकडे पाहावे: दूध कमी आहे, ताप आहे किंवा एखादा सड दगडासारखा कडक झाला आहे.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचे तापमान ३५ ते ३७ अंश असते. महिनाभराने ते मोठ्या कुत्र्याच्या जवळपास येते. त्यांच्या खोक्यात पहिला आठवडा २९ ते ३२ अंश ठेवून मग हळूहळू उतरवत चौथ्या आठवड्यात २४-२५वर आणतात. दिवा किंवा उबेची गादी खोक्याच्या एकाच बाजूला असावी, म्हणजे पिल्लाला गरम झाले तर सरपटत दूर जाता येते आणि आईही भाजून निघत नाही. सगळी एकावर एक ढीग करून किरकिरत असली तर थंडी आहे. लांब लांब पसरून तोंड उघडे टाकून पडली असली तर उकडते आहे. विदर्भातल्या मे महिन्यात दिव्याची गरजच नसते, तिथे पिल्ले उष्म्याने सुकतात. कोकणातल्या पावसाळ्यात अडचण ओलाव्याची आणि दुधाच्या वासाने येणाऱ्या मुंग्यांची. वीज जाते तिथे टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली तयार हवी.

इथे होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजणे. ३५ अंशांखाली आतडे जवळपास थांबलेले असते. दूध पोटात तसेच राहून कुजते किंवा उलटून फुप्फुसात जाते. आधी एक ते तीन तासांत सावकाश उबवायचे, हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचे दोन थेंब चोळायचे, आणि अंग उबदार झाल्यावरच पाजायचे. हेअर ड्रायरने झटपट तापवले तर कातडी तापते, आतला गारवा तसाच राहतो आणि पिल्लू कोसळते. कुत्र्यांचा हर्पिस विषाणूही थंड अंगातच जोमाने वाढतो, त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत ऊब औषधाइतकीच मोलाची आहे.

वरचे दूध

नुसते गाईचे दूध पुरत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश त्याच्या साधारण दुप्पट असतात, आणि साखर मात्र कमी असते. शक्य तोवर पिल्लांसाठीची तयार दूध पावडर वापरावी. पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिलिलिटर मावते, म्हणजे ४०० ग्रॅमच्या पिल्लाला फार तर १६ मिलिलिटर. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजतात. पिल्लू पोटावर, लुचताना असते तसेच धरायचे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून कापसाच्या वातीने किंवा ड्रॉपरने दूध सोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि न्यूमोनियाने जाणारी कितीतरी पिल्ले त्यातलीच असतात.

पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस लघवीच्या जागी व गुदद्वारावर हलके फिरवायचा, कारण आई चाटून करते ते काम तिच्या गैरहजेरीत तीन आठवडे आपल्याला करावे लागते. कापूस पांढराच वापरावा. त्यावर उमटलेला डाग जवळजवळ बिनरंगी असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळा असेल तर पिल्लू कोरडे पडत चालले आहे. हा रंगही वहीत लिहावा, काही वेळा तो वजनाच्याही आधी बोलतो.

खोके, डोळे, जंत

खोक्याच्या आतून भिंतीलगत दहा-बारा सेंटीमीटरची फळी ठोकतात, म्हणजे आई टेकून बसली तरी पिल्लू मध्ये चेंगरत नाही. वर्तमानपत्रावर पाय घसरतात, आणि अशक्त किंवा जड पिल्लांचे पाय बेडकासारखे फाकत जातात, म्हणून वर टॉवेल किंवा खडबडीत चटई हवी. खोक्यात फिनाइल वापरू नये. पिल्लांच्या पुढच्या पायांच्या नखांची टोके दर आठवड्याला छाटावीत, नाहीतर आईच्या कासेवर ओरखडे पडतात आणि ती पाजायला नाखूश होते.

डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. मिटलेली पापणी फुगलेली दिसली तर आत पू असतो. डोळा आपोआप उघडण्याची वाट पाहत बसल्यास तो जाऊ शकतो. गोल जंत गर्भातच आईकडून येतात आणि अंकुशकृमी दुधातून, म्हणून जंताचे औषध २, ४, ६ व ८ आठवड्यांना त्या दिवशीच्या वजनाप्रमाणे देतात. आईलाही त्याच वेळी द्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून भिजवलेल्या खाण्याची पातळ पेज सुरू होते, आणि लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून. लसीच्या बाटलीवरचे लेबल वहीत चिकटवले की बॅच क्रमांक लिहिण्यात चूक राहत नाही.

कायद्यासाठीची वही

भारतात २०१७च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि जन्म, मृत्यू व विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि ८ वर्षांनंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेता येत नाहीत. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे वेताची नोंद करताना आई-बापांचे नोंदणी क्रमांक लागतात.

मेलेल्या पिल्लांची पाने मात्र कायद्यापुरती ठेवू नयेत. कितव्या दिवशी, किती वजनावर गेले, टाळू कशी होती, शवविच्छेदन झाले का, हे सगळे लिहावे. कारवान हाउंडसारख्या दख्खनी जातीत अनेक गावांतून वंशावळ अजून तोंडीच चालते. तिथे दुभंगलेल्या टाळूचे पिल्लू गुपचूप पुरले जाते, आणि पुढच्या माजाला तीच जोडी पुन्हा लावली जाते.