पन्नासावं कार्ड

निपाणीतला माझा भाचा गेले दोन महिने शाळेतून येताना क्रिकेट कार्डांचं पाकीट घेतो. "मामा, एकच ऱ्हायलंय बघ," हे इतक्यांदा ऐकलं, की शेवटी मीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

समजा संच ५० कार्डांचा, पाकिटात एकच कार्ड, आणि सगळी सारख्याच संख्येनं छापलेली. निम्मा संच सरासरी ३४ पाकिटांत जमतो. पूर्ण संचाला मात्र सुमारे २२५ लागतात, त्यातली ५० एकट्या शेवटच्या कार्डापायी! कंपनीनं काही लबाडी न करताही हे असंच होतं. त्यावर पोरांनी शोधलेला उतारा म्हणजे अदलाबदल. माझं डबल तुला, तुझं मला. गणित झपाट्यानं हलकं होतं, शिवाय मधल्या सुट्टीतल्या त्या घासाघिशीची मजा वेगळीच.

आता एक कार्ड मुद्दाम ५०० पाकिटांत एकदाच टाकलं, तर? ते कुणाकडेच डबल नसतं. ज्याला मिळतं तो सोडत नाही. अदलाबदल तिथंच अडते.

कार्डं दुर्मीळ आधीही होती. अमेरिकेत १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची चित्रं येत (तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या आम्हा निपाणीकरांना यात नवल नाही). त्यातलं होनस वॅगनरचं कार्ड त्यानं स्वतःच हरकत घेतल्यानं थोडंच छापलं गेलं, असं सांगतात. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला गेली. ही टंचाई आपोआप घडलेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र कार्डं इतकी छापली गेली की त्यांना भाव उरला नाही. मग कंपन्यांनी मुद्दाम मोजक्याच प्रती काढून त्यांवर क्रमांक टाकले, आणि पुढं एकेकच प्रत असलेली कार्डंही काढली.

टंचाईनं नेमकं काय वाढतं? १९७५ च्या एका प्रयोगात काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतलं, तर काहींना दोनच उरलेल्या बरणीतलं बिस्कीट दिलं. दुसऱ्या बरणीतलं लोकांना जास्त हवंसं आणि महागाचं वाटलं. चवीला सरस मात्र कुणाला वाटलं नाही. बेळगावचा कुंदा रोज मिळतो, म्हणून तो काय बेचव लागतो?

मेंदूतही 'हवं' आणि 'आवडलं' यांचे मार्ग बरेचसे वेगळे आहेत. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक निरोप्या रसायन, जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर तपासले. ते अन्नाकडे वळतही नव्हते. पण तोंडात साखरपाणी घातलं की मिटक्या मारत. दुसरे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांत दिसलं, की खुणेनंतर रस मिळतो हे एकदा कळलं, की डोपामिनच्या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच उसळतात. पाकिटाचा चुर्रकन फाटण्याचा आवाज ही भाच्याची खूण असावी, असं मला वाटतं.

परवा त्याला चकचकीत सोनेरी कार्ड मिळालं. दोन तास घर डोक्यावर घेतलं. आता ते ताईच्या कपाटात, पैठणीखाली आहे. पठ्ठ्या अंगणात मित्राशी दोन डबल बॉलरांवर एक यष्टिरक्षक मागत बसलाय.