आदिंक्रा लिपी

घाना आणि आयव्हरी कोस्ट येथील आकान लोकांच्या ‘आदिंक्रा’ या पारंपरिक छापचिन्हांवरून एकविसाव्या शतकात घडवलेली वर्णमाला. ‘आदिंक्रा न्चेआ’ या नावानेही ती ओळखली जाते. चिन्हे निदान दोनशे वर्षांची जुनी आहेत, लिपी मात्र अगदी अलीकडची. आफ्रिकेची हरवलेली प्राचीन लिपी म्हणून तिची चित्रे सर्रास फिरतात, त्यामुळे हा फरक आधीच सांगितलेला बरा.

आदिंक्रा चिन्हे मुळात कापडावरची. उपलब्ध कापडांपैकी सर्वांत जुने कापड टॉमस एडवर्ड बाउडिच या इंग्रज दूताने १८१७ मध्ये आकान लोकांच्या असांते राज्याची राजधानी कुमासी येथून नेले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. शेजारच्या जामान राज्याचा राजा कोफी आदिंक्रा याला असांतेंनी लढाईत हरवले आणि त्याच्या अंगावरच्या वस्त्रावरून ही कला त्यांच्याकडे आली, अशी कथा सांगतात. पण ती लढाई बाउडिचने कापड नेल्यानंतरची आहे, तेव्हा कथा जशीच्या तशी घेता येत नाही. ‘आदिंक्रा’ हे नाव ‘निरोप घेणे’ या अर्थाच्या शब्दाशीही जोडतात. आदिंक्रा वस्त्र मुख्यतः अंत्यविधीला नेसत, हे लक्षात घेता ही व्युत्पत्ती अधिक जवळची वाटते.

कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात हे काम आजही चालते. बादिए नावाच्या झाडाची साल भिजवतात, उखळात कुटतात आणि तिचे पाणी तासन्‌तास उकळतात. पाणी आटून काळे, डांबरासारखे दाट झाले की शाई तयार. सुकलेल्या भोपळ्याच्या करवंटीचा तुकडा कोरून ठसा करतात आणि त्याच्या पाठीला काड्यांची मूठ बांधतात. कापड ताणून आधी फणीसारख्या साधनाने शाईच्या रेघा ओढून चौकटी आखतात; मग एकेका चौकटीत ठसा टेकवत जातात. करवंटीला बाक असल्यामुळे ठसा सरळ दाबून चालत नाही, तो एका कडेकडून दुसरीकडे झुलवावा लागतो.

प्रत्येक चिन्हामागे एखादी म्हण किंवा विचार असतो. मान वळवून पाठीकडे चोच नेणारा पक्षी म्हणजे ‘सानकोफा’: सान म्हणजे परत, को म्हणजे जा, फा म्हणजे घे. विसरलेली वस्तू आणायला माघारी जाण्यात काही गैर नाही, अशी ती म्हण आहे. घानात जागोजागी दिसणारे ‘जे न्यामे’ म्हणजे देवावाचून कोणी नाही. ही चिन्हे अर्थ सांगतात, ध्वनी सांगत नाहीत. सानकोफा कोणत्याही भाषेत वाचता येईल; पण त्या चिन्हाने एखाद्या माणसाचे नाव लिहिता येणार नाही.

आकान लोकांची भाषा लिहिली जाते ती रोमन लिपीत. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेच्या योहान गॉटलीब क्रिस्टालरने तिचे व्याकरण (१८७५) आणि शब्दकोश (१८८१) सिद्ध केला. आजच्या वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. त्यांत स्वरांना सात अक्षरे आहेत, पण बोलण्यातले स्वर त्याहून जास्त. आणि शब्दाचा अर्थ बदलणारे सुरांचे चढउतार नेहमीच्या लेखनात दाखवतच नाहीत. या आकान भाषेचे दुसरे नावसुद्धा (Twi) रोमन ‘टी’ने सुरू होते, म्हणून परके लोक ‘ट्वी’ म्हणतात. खरा उच्चार ‘च्वी’च्या जवळचा आहे.

आदिंक्रा वर्णमाला चार्ल्स कोरांचे यांनी मांडली. तिच्यात काही मूळ चिन्हे, तर काही त्यांच्या धर्तीवर नव्याने घडवलेली रूपे आहेत. अक्षरे सुमारे ३९ आहेत, आणि अंकांसाठी स्वतंत्र १० चिन्हे आहेत. आकानखेरीज एवे, गा आणि दागबानी या घानातल्या इतर भाषाही तीत लिहिता याव्यात, असा हेतू आहे.

हा प्रयत्न मनापासून केलेला आहे, पण वाट सोपी नाही. ज्या चिन्हात अख्खी म्हण मावते ते एका ध्वनीला जुंपले की शब्द वाचताना वाचकाला ती म्हण बाजूला ठेवावी लागते. शिवाय ही चिन्हे ठशासाठी जन्मलेली. ‘आदिंक्राहेने’, म्हणजे चिन्हांचा राजा, ही एकात एक अशी तीन वर्तुळे आहेत. ठशाने ती एकाच दाबात उमटतात. लेखणीने तीनदा हात फिरवावा लागतो.

पश्चिम आफ्रिकेत नव्या लिपी रुजल्याची उदाहरणे आहेत. सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये मांदे भाषांसाठी केलेली न्को लिपी २००६ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर जगातल्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक प्रमाणकात, आली. गिनीतल्या बॅरी बंधूंनी १९८९ च्या सुमारास फुलानी भाषेसाठी केलेल्या आदलाम लिपीला ते स्थान २०१६ मध्ये मिळाले. पण या दोन्ही लिपी आधी हाताने लिहिल्या गेल्या, पत्रांतून आणि वह्यांतून पसरल्या. आदिंक्रा वर्णमालेला युनिकोडच्या २०२४ च्या सोळाव्या आवृत्तीपर्यंत जागा मिळालेली नव्हती. त्यामुळे तीत लिहिलेला मजकूर दुसऱ्याला वाचता यावा म्हणून त्याच्याकडेही तोच फॉन्ट असावा लागतो, नाहीतर अक्षरांचे चित्रच पाठवावे लागते.