हबचा वळसा आणि चार्टरची थेट वाट

दोन छोट्या शहरांमधलं अंतर विमानाने तासाभराचं असलं तरी प्रवासात अर्धा दिवस जातो, कारण मध्ये तिसऱ्याच मोठ्या विमानतळावर विमान बदलावं लागतं. यामागे साधा हिशेब आहे. दहा शहरं एकमेकांशी थेट जोडायला 45 मार्ग लागतात. त्यांतलंच एक मध्यवर्ती, म्हणजे ‘हब’, केलं तर नऊ मार्गांत भागतं, शिवाय ठिकठिकाणचे थोडे थोडे प्रवासी एकत्र येऊन विमानही भरतं.

अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने 1955 च्या सुमारास अटलांटात ही पद्धत रुजवली. मात्र कोणत्या कंपनीने कुठून कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे 1938 पासून सरकारच ठरवत होतं. 1978 च्या कायद्याने ही बंधनं काढायला सुरुवात केली आणि मोठ्या कंपन्यांनी भराभर हब उभारले. हबचं काम लाटांनी चालतं: थोड्या वेळात डझनावारी विमानं उतरतात, माणसं आणि सामान इकडचं तिकडे होतं, मग तीच विमानं पाठोपाठ निघतात. यात एक विमान उशिरा आलं की पुढचं हुकतं. छोट्या शहराकडे दिवसाला दोनच फेऱ्या असतील तर मुक्कामच पडतो.

छोट्या शहरांची सेवा तुटेल ही भीती तेव्हाही होती, म्हणून सरकारी अनुदानाची योजना आली. पण अनुदानातली विमानंही बहुधा हबकडेच जातात. छोट्या शहरातून छोट्या शहरात जाणाऱ्याची अडचण तशीच राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

ती चार्टरने, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेण्याच्या सोयीने, भरून काढली, पण मोजक्यांसाठी. 1964 पासून लिअरजेट हे छोटं खासगी जेट विमान ग्राहकांच्या हाती येऊ लागलं; 1986 मध्ये आजच्या नेटजेट्स कंपनीने विमानातला हिस्सा विकायला सुरुवात केली. चार्टरमध्ये वेळ प्रवासी ठरवतो आणि जवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरता येतं. मात्र भाडं अख्ख्या विमानाचं असतं, विमान रिकामं परतणार असेल तर त्या फेरीचा खर्चही बहुतेकदा ग्राहकावरच पडतो. एकट्याला हे परवडत नाही. सहा-आठ जणांना सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर मुक्काम आणि वाया जाणारे कामाचे दिवस धरून हिशेब करावा. तिकिटांच्या नुसत्या बेरजेत दिसणारा फरक तेव्हा बराच कमी होतो.

2016 मध्ये जेएसएक्स या अमेरिकी कंपनीने 30 आसनी विमानांत चार्टरच्या नियमांखाली एकेक आसन विकायला सुरुवात केली. काही मोठ्या कंपन्यांनी त्याला विरोध केला, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने हे नियम बदलण्याचा इरादा जाहीर केला.