पाणी जातला खंयसून? कोकणातल्या संरक्षक भिंतींची पार्श्वभूमी

जुलै उजाडला की कोकणातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते: अमुक वाडीत संरक्षक भिंत कोसळली, घराला धोका, पंचनामा सुरू. कारणही ठरलेलं, ‘अतिवृष्टी’. पाऊस पडतो हे खरंच. आपल्या किनाऱ्यावर चार महिन्यांत सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी उतरतं, कुठे त्याहूनही जास्त. पण त्याच वाडीत, त्याच पावसात, आजोबांच्या वेळचा गडगा जागचा हललेला नसतो. त्याला ना चुना, ना सिमेंट, नुसते दगडावर दगड. तो उभा राहतो आणि पाच-सात वर्षांपूर्वी कर्ज काढून बांधलेली भिंत आडवी होते. असं का होतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कोकणात सपाट जमीन मुळात कमी. वर सडा म्हणजे दगडी पठार, खाली व्हाळ म्हणजे ओढा नाहीतर खाडी, आणि मधल्या उतारावर आपली घरं, भाताचे कुणगे, कलमांच्या बागा. हा उतार पिढ्यान् पिढ्या माणसांनी हाताने पायऱ्यापायऱ्यांचा केला. प्रत्येक पायरीच्या कडेला बांध, बांधाच्या तोंडाला दगड. उंची कमरेएवढी, फार तर छातीएवढी. त्याहून जास्त लागली तर एकाच्या दोन पायऱ्या करायच्या. दगड लावणारा भिंत अगदी ओळंब्यात ठेवत नसे. ती डोंगराच्या अंगाला किंचित रेलून उभी असे. मोठ्या दगडाचा लांब भाग दर्शनी बाजूला न दाखवता आत मातीत घालायचा, मागे कपच्या आणि लहान धोंडे भरायचे, आणि मग माती. पावसात अशा भिंतीच्या सांध्यासांध्यातून पाणी झिरपत राहायचं. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत गवत काढणं, कौलं चाळणं, लाकडं भरणं असायचं तसंच गडग्यावरून एक फेरी असायची. गुरांनी पाडलेला, माकडांनी उलथलेला दगड तेव्हाच जागेवर जायचा. गडगे ढासळत नसत असं मुळीच नाही. ढासळायचे, पण हात-दोन हात, आणि दुपारभरात पुन्हा उभे राहायचे.

पुढे घरातली तरणी माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, मागे म्हातारी माणसं आणि बायका राहिल्या. शेती कशीबशी चालली, पण गडग्यावरची फेरी सुटली.

आता दगडाबद्दल, कारण आपल्याकडचा दगड वेगळा आहे. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव ईस्ट इंडिया कंपनीसाठी पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये दिलं, तेही केरळातल्या अंगाडीपुरमजवळचा दगड पाहून. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना तो हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर वाऱ्यापावसात आला की कडक होतो, म्हणून हे नाव. आपण त्याला चिरा म्हणतो आणि त्यात घर, विहीर, पाखाडी, तुळशीवृंदावन सगळं बांधतो. पण जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून सरसर खाली उतरतं. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी, जांभळट, हाताला साबणासारखी लागणारी माती असते. पाणी तिथे अडतं आणि मग त्या मातीच्या पाठीवरून आडवं वाहत उताराकडे येतं. सड्याच्या कडेला भाद्रपदातही वाहणारे झरे दिसतात ते हेच पाणी. तुम्ही उतार कापून तिथे भिंत उभी केलीत की झऱ्याच्या तोंडावरच ती उभी राहते. म्हणूनच कित्येक भिंती मुसळधार पावसाच्या रात्री टिकतात आणि दोन दिवसांनी, उघडीप पडल्यावर जातात. वरचं पाणी तोवर आतून येऊन पोहोचलेलं असतं.

मातीचा दाब मोजायचा हिशेबही असाच एका पावसाळी बेटाशी जोडलेला आहे. विजेच्या नियमामुळे शाळेत ज्याचं नाव येतं तो कूलोम मुळात फ्रेंच सैन्यातला अभियंता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची आठेक वर्षं गेली. परत आल्यावर १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला, तो १७७६ मध्ये छापला गेला. भिंत जराशी पुढे सरकली की तिच्यामागे मातीची एक पाचर सुटते आणि ती पाचर भिंतीला ढकलते, हे त्याने मांडलं. १८५७ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिनने हा हिशेब सुटसुटीत केला. पण पाण्याचा वाटा वेगळा कसा काढायचा हे नीट उलगडलं ते १९२० च्या दशकात, ऑस्ट्रियन अभियंता कार्ल टेर्झागीच्या कामातून. मातीच्या कणांमधलं पाणी स्वतःचा दाब आणतं, आणि तेवढ्याने कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

आकड्यांत सांगतो. तीन मीटर उंचीची, म्हणजे साधारण दहा फुटी भिंत घ्या. मागे मध्यम प्रतीची कोरडी माती असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २.७ टन रेटा येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर मातीचा रेटा उलट कमी होऊन दीड टनावर येतो, कारण पाण्यात ती हलकी होते. पण पाण्याचा स्वतःचा साडेचार टन त्यात पडतो. एकूण ६ टन. कोरड्यापेक्षा दुपटीहून जास्त. आणि उंची दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. भिंतीला उलथवण्याचा जोर आठपट. छातीएवढ्या गडग्याची कारागिरी दोन पुरुष उंचीच्या भिंतीला लावून चालत नाही ती यामुळे.

आपल्या भिंती बदलल्या त्या दोन टप्प्यांत. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं तोवर खेड्यात त्याची गोणी मिळवणं म्हणजे परमिट आणि वशिला. नियंत्रण १९८२ मध्ये काही अंशी आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर चिऱ्याची भिंत सिमेंटात बांधणं, तिच्या दर्जा म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी भरणं, वर गिलावा करून रंग देणं सर्रास झालं. भिंत दिसायला भक्कम झाली, पण तिचे सगळे सांधे बुजले. गडगा चाळणीसारखा होता, ही भिंत टाकीच्या बाजूसारखी झाली. मग जेसीबी आला. पूर्वी घराचा चौथरा कोरायला महिना लागायचा, म्हणून माणूस लागेल तेवढंच कोरायचा. आता दोन दिवसांत डोंगराचं पोट पंधरा फूट उभं कापता येतं, निघालेली माती पुढच्या अंगाला लोटून अंगण वाढवता येतं. त्या सैल भरावाला धरायला पुन्हा एक भिंत. वरच्या भिंतीमागे झरा आणि खालच्या भिंतीमागे न दाबलेली माती, अशी कितीतरी नवी घरं मला रस्त्यावरून जाताना दिसतात आणि पोटात गोळा येतो.

आमच्या घरामागचीही तशीच होती. बारा फूट उंच, चिऱ्याची, सिमेंटातली. ठेकेदाराने पाणी जायला चार नळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे आम्ही निर्धास्त. तिसऱ्या पावसाळ्यात मधोमध उभी भेग गेली. तिने पोट काढलंय हे आईने पाहिलं होतं, कारण खालची कपड्यांची दोरी सैल पडायला लागली होती. ठेकेदार आला, भेगेत सिमेंट भरून गेला. पुढच्या जुलैत सकाळी सातला मधला पंधरा फुटांचा भाग खाली आला. न्हाणीघर गेलं, माणसं वाचली. दसऱ्यानंतर ज्या म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते वरच्या अंगणात गेले, तिथून काकांच्या न्हाणीचं पाणी कुठे जातं ते पाहिलं, मग खाली येऊन पडलेल्या चिऱ्यांतून एक नळी उचलली. काडी घालून आतून तांबड्या मातीचा लोण्यासारखा गोळा बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. “पाणी जातला खंयसून, झिला?” नळीच्या मागच्या तोंडाशी खडी नव्हती, जाळी नव्हती. पहिल्याच पावसात चारही तोंडं चिकणमातीने बुजली होती.

हेच मोठ्या प्रमाणावर कोकण रेल्वेने भोगलं. १९९० मध्ये सुरू झालेलं काम १९९८ मध्ये संपलं, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून सातशेहून अधिक किलोमीटर मार्ग झाला. पूल आणि बोगदे साऱ्या देशाने पाहिले. कापलेल्या उतारांकडे लक्ष गेलं ते अपघातांनंतर. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, तेही रुळावर आलेल्या दगडांमुळेच. रत्नागिरीजवळ पोमेंडीला तर मातीचा डोंगर पावसाळ्यात रुळाकडे सरकायचा. त्यानंतरच्या वर्षांत उतार कमी करणं, पायऱ्या पाडणं, जाळ्या, गॅबियन म्हणजे तारेच्या पेटीत भरलेले दगड, वरच्या बाजूला चर खणून पाणी वळवणं ही कामं झाली आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणारं वेळापत्रक आलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटाने तोच धडा पुन्हा दिला. गॅबियनच्या पेटीतून पाणी गडग्यासारखंच निघून जातं. मला हे पाहून बरं वाटतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई इथे दरडी कोसळून जे झालं, २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यातल्या तळियेत जे झालं, ते भिंतीने अडणारं नव्हतं. आख्खा डोंगर सुटतो तेव्हा उपाय एकच, माणसं आधी हलवणं. घरामागच्या भिंतीचा विचार करताना वर जमिनीला नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर भिंत विसरा आणि घर सोडा.

दुरुस्तीकडे येऊ. भर पावसात भिंतीचा पाया उकरायचा नाही, मागची मातीही उपसायची नाही. पावसात करायचं ते एवढंच: वरच्या बाजूला ताडपत्री घालणं, अंगणाचं, पागोळ्यांचं, न्हाणीचं पाणी पन्हळीने दूर नेणं, वरच्या काठावर रचलेले चिरे किंवा उभी गाडी हलवणं, आणि भिंतीच्या पुढे कुणाला झोपू न देणं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. आठवड्याने भेग रुंदावली की नाही ते कळतं. पाऊस धो धो असताना नळ्या कोरड्या असतील तर तेच सगळ्यात वाईट लक्षण.

पाऊस गेल्यावर, भिंत थोडीच कललेली असेल आणि पाया शाबूत असेल तर ती वाचवता येते. खालून नवी भोकं पाडायची, ७५ ते १०० मिलिमीटरची, दीड-दोन मीटरवर एक, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि आतल्या तोंडाला गाळणकापड. पुढच्या बाजूने धिरे म्हणजे टेकू देणारे खांब देता येतात, पण त्यांना स्वतःचा पाया हवा. नुसते टेकवलेले धिरे भिंतीबरोबर खचतात. पोट काढलेल्या भिंतीवर जाळी मारून गिलावा चढवणं हा मात्र पैशाचा नाश आहे. तो भाग उतरवावाच लागतो. एकदम सगळी भिंत काढली तर मागचा डोंगर मोकळा होतो, म्हणून गाळ्यागाळ्याने काढायची: एक गाळा काढून, बांधून, भरून झाला की मगच दुसरा. पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको, आणि पाया कठीण जमिनीवर. मागे फूटभर जाडीचा खडीचा पडदा, तळाला भोकं पाडलेली नळी बाजूला काढलेली, खडी आणि माती यांच्यामध्ये कापड. उरलेला भराव एक-एक वीत थराने दाबत आणायचा. वर चर, चराला सिमेंट, आणि काठाला वाळा लावायचा. त्याची मुळं सरळ खाली जातात. वड-पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं तर लहान असतानाच काढायचं. दहा फुटांच्या वर उंची असेल, किंवा वरच्या अंगाला दुसऱ्याचं घर असेल, तर अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावाच. गवंड्याचा अनुभव मोठा, पण मघाचा आठपटीचा हिशेब नजरेने येत नाही.

आमची भिंत आता दोन पायऱ्यांत आहे, सहा-सहा फुटांच्या. अंगण पाच फुटांनी कमी झालं, त्यावरून घरात बरीच चर्चा झाली. काकांनी न्हाणीचं पाणी स्वखर्चाने माडांकडे वळवलं. खालच्या भिंतीला अकरा नळ्या आहेत. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन गेलो तर नऊ नळ्या वाहत होत्या, पाणी आधी तांबूस, मग निवळ. दोन कोरड्या होत्या. सकाळी त्यांत लांब सळई घातली; एक सुटली. दुसरीवर खडूने खूण केली आहे, दसऱ्यानंतर तेवढा भाग मागून उघडायचा आहे.