एचएसटी आणि गिअरचा मिनी ट्रॅक्टर: पॉवर नेमकी जाते कुठं?

शिरोळकडच्या मामांचा फोन आला, म्हणाले अरं त्या अमेरिकेतल्या व्हिडिओत मिनी ट्रॅक्टरला क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही, नुसतं पायानं पॅडल दाबलं की पुढं, टाचेनं दाबलं की मागं, असला आपण का घ्यायचा नाही? आणि लगेच पुढं म्हणाले, पण इथं एकजण सांगत होता, ते हायड्रॉलिक निम्मी पॉवर खातंय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंप दोन्हीची कामं करतो, त्यामुळं दोन्ही गोष्टी रोज उघडून बघायला मिळतात, आणि मला वाटतं मामांना जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहावं, कारण यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

आधी नावाचा घोळ. ट्रॅक्टरला मागं लिफ्ट असते, नांगर उचलायला, ते हायड्रॉलिक. पॉवर स्टिअरिंग असतं, तेही हायड्रॉलिक. हे दोन्ही गिअरच्या ट्रॅक्टरलाही असतं, त्याचा चाक फिरवण्याशी काही संबंध नाही. गावात जेसीबी येतो त्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात तेल पंख्यासारखं फेकलं जातं आणि त्या तेलाच्या वेगावर समोरची चकती फिरते, ते पण हायड्रोस्टॅटिक नव्हे. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे एचएसटी, यात तेलाचा वेग नाही तर तेलाचा दाब काम करतो. इंजिन एक पंप फिरवतं, पंप दाबाखाली तेल मोटरला पाठवतो, मोटर चाकाकडं जाणारा शाफ्ट फिरवते, तेल परत पंपाकडं येतं, असा बंद फेरा.

आता गिअर. तिथं लोखंडाचा दात लोखंडाच्या दाताला ढकलतो, मधी फक्त तेलाचा पातळ थर. दातांच्या एका जोडीत साधारण एक ते दोन टक्के पॉवर घर्षणात जाते. इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत चार-पाच जोड्या धरा, वर बेअरिंग आणि तेल घुसळण्यात थोडं, म्हणजे इंजिनची शंभरातली नव्वदच्या आसपास चाकाला मिळते.

एचएसटीत हीच पॉवर दोनदा रूप बदलते. पंपात फिरण्याचं दाबात रूपांतर, मोटरमध्ये दाबाचं परत फिरण्यात. दोन्ही ठिकाणी थोडं तेल फटीतून निसटतं आणि थोडी ताकद घासण्यात जाते. अगदी चांगल्या अवस्थेत, मधल्या वेगाला, ऐंशीच्या आसपास हाती येतं, फार हळू वेगाला किंवा फार जड ओढीला त्याहूनही खाली. आणि त्याच्या पुढं चाकापर्यंत गिअर असतातच, एचएसटीत गिअर नसतो हा अजून एक गैरसमज, लो-मिडियम-हायची दांडी त्यालाही असते, ते गिअरच आहेत.

म्हणजे 20 एचपी आत गेली तर गिअरमधनं साधारण 18 बाहेर येते आणि एचएसटीमधनं 15 च्या आसपास. निम्मी नाही, पण तीन एचपीचा फरक आहे, तो कमी पण नाही. तीन एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट. बाथरूममधला गिझर साधारण दोन हजारचा असतो, म्हणजे काम चालू आहे तोवर तेलात एक गिझर चालूच आहे असं समजा. म्हणून एचएसटीच्या तेलाला थंड करायची सोय लागते, आणि म्हणूनच एप्रिल-मे मधल्या दुपारी तेल पातळ होऊन गळती अजून वाढते.

मागच्या सीझनला एका ऊस तोडणी मशीनचा पंप आमच्याकडं उघडला होता, तो बघितल्यावर ही गळती म्हणजे काय ते कुणालाही कळलं असतं. आत एक गोल बॅरल, त्यात नऊ पिस्टन, प्रत्येक पिस्टनच्या टोकाला ब्राँझचं बूट, ते बूट एका तिरक्या प्लेटवर घसरत फिरतात. प्लेट जेवढी तिरकी तेवढा पिस्टनचा स्ट्रोक मोठा आणि तेवढं तेल जास्त. बॅरलच्या दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह प्लेट असते, अर्धचंद्रासारख्या दोन खाचांची, एकीकडनं तेल आत येतं, दुसरीकडनं दाबानं बाहेर. ती प्लेट खरं तर आरशासारखी पाहिजे. या पंपाच्या प्लेटवर गोल गोल चरे होते, डोळ्यांना हलकेच दिसत होते पण नख फिरवलं की नख अडकत होतं. फिल्टर वेळेत बदललेला नव्हता, बारीक कचरा फिरत राहिला, आणि त्या चऱ्यांमधनं दाबाचं तेल परत कमी दाबाच्या बाजूला पळत होतं. मशीन सकाळी चालायचं आणि दुपारी तापलं की चढाला थांबायचं, मालकाला वाटत होतं इंजिन बसलं. इंजिन ठणठणीत होतं. गिअरबॉक्स मात्र एवढ्यानं थांबत नाही, दाताला खड्डे पडले, आवाज यायला लागला तरी बिचारा वर्षभर ओढत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथं लोक हमखास चुकतात ते पॅडल. एचएसटीचं पॅडल म्हणजे मोटारसायकलचा ॲक्सिलेटर नव्हे. इंजिनचा आरपीएम हाताच्या लिव्हरनं एकदा ठरवून ठेवायचा, आणि पॅडल त्या तिरक्या प्लेटचा कोन बदलतं. जास्त दाबलं म्हणजे वरचा गिअर टाकल्यासारखं, कमी दाबलं म्हणजे खालचा गिअर. म्हणजे समोर चढ आला, फाळ खोल गेला, आणि ट्रॅक्टर दमायला लागला, तर पाय उचलायचा! पाय उचलला की ओढ वाढते. नवीन माणूस उलटं करतो, अजून दाबतो, जादा दाब सोडून देणारा आतला रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळतो, ट्रॅक्टर उभा राहतो आणि माणूस म्हणतो यात दम नाही. दम होता, त्यानं चढाला टॉप गिअर टाकला होता एवढंच.

आणि पॉवर जाणं आणि ओढ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मामांना वहीवर आकडे मांडून दाखवलं. मिनी ट्रॅक्टरचं वजन धरा 800 किलो. कोरड्या घट्ट रानात तो फार तर वजनाच्या निम्म्यानं ओढेल, 400 किलो, त्याच्यापुढं चाकं जागेवर फिरणार. आता नांगरटीला ताशी 3 किलोमीटरनं चाललाय, म्हणजे सेकंदाला 83 सेंटिमीटर. एक एचपी म्हणजे 75 किलो एका सेकंदात एक मीटर, त्या हिशेबानं 400 किलोच्या ओढीला लागले साडेचार एचपी. फक्त साडेचार! 24 एचपीचं इंजिन असू दे नाहीतर 27 चं, एवढ्या हळू वेगाला चाकाची पकड आधी संपते, इंजिन नंतर. त्यामुळं लो रेंजला एचएसटीत तीन-चार एचपी गेली तरी फाळ थांबत नाही, फक्त तेवढं डिझेल जास्त जळतं. पण तोच ट्रॅक्टर ट्रॉली लावून चढाला ताशी 10 किलोमीटरनं न्यायचा म्हटला आणि ओढ तेवढीच लागली, तर 15 एचपी चाकाला पाहिजेत, आणि 20 एचपीच्या एचएसटीकडं तिथं जेमतेम तेवढीच उरते, जरा जड झालं की वेग सोडावाच लागतो. गिअरचा निघून जातो.

त्यात आपली काळी माती. पावसात शिरोळ-हातकणंगल्याकडच्या रानात चाक घसरायला लागलं की घसरण्यातच एवढी पॉवर जाते की गिअर-एचएसटीचा फरक त्यापुढं काहीच नाही. तिथं टायर, चाकावरचं वजन आणि फोर व्हील ड्राइव्ह बघायचा.

पीटीओ, म्हणजे मागची अवजारं फिरवायला ट्रॅक्टरला असलेला शाफ्ट, त्याचं गणित अजून वेगळं. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरला, फवारणीच्या पंपाला, कुट्टीला पॉवर जाते ती इंजिनपासून पीटीओ शाफ्टपर्यंत गिअरनंच, एचएसटीच्या ट्रॅक्टरमध्येसुद्धा. तेलाचा फेरा फक्त चाकाच्या वाटेवर आहे. मग पीटीओला नुकसान नाहीच का? थोडं आहे, कारण ट्रॅक्टर उभा असला तरी पंपाचं बॅरल तेलात फिरत असतं आणि फेऱ्यातलं निसटलेलं तेल भरून काढणारा छोटा चार्ज पंप सतत चालू असतो. कुबोटाचं अमेरिकेत विकलं गेलेलं एल 2501 मॉडेल दोन्ही प्रकारात यायचं, इंजिन तेच 24.8 एचपीचं, पीटीओला गिअरच्या मॉडेलमध्ये 20.5 आणि एचएसटीत 19. दीड एचपीचा फरक, बस्स. आणि रोटरच्या कामात चाकाला फार ओढावं लागतच नाही, रोटरची पाती उलट ट्रॅक्टरला पुढं ढकलत असतात, त्यामुळं रोटर मारायचा असेल तर एचएसटी निम्मी पॉवर खातो हे साफ खोटं आहे.

उलट रोटरलाच एचएसटीचा मोठा फायदा आहे. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये ढेकळाचा पट्टा आला म्हणून क्लच दाबला की चाकासोबत पीटीओही थांबतो, म्हणजे ज्या वेळी रोटर जोरात फिरायला पाहिजे नेमका तेव्हाच बंद. एचएसटीत पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांना तसाच फिरत ठेवून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं नेता येतो. हेच कारण आहे की ऊस तोडणी मशीन हायड्रोस्टॅटिकच असतं. पावसानं लोळलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस आला की ऑपरेटर पुढची चाल एकदम कमी करतो, पण बुडख्याला कापणारी पाती आणि कांड्या करणारा चॉपर त्याच वेगानं फिरत राहतो, नाहीतर मशीन तुंबलंच. तिथं डिझेल जास्त गेलं तरी परवडतं, कारण दुसऱ्या कुठल्या मार्गानं ते काम होतच नाही.

लोडर लावून दिवसभर शेणखत भरायचं असेल, पुढं मागं पुढं मागं, तिथंही एचएसटीच. गिअरमध्ये क्लच प्लेट आणि डावा पाय दोन्ही झिजतात. पण उतारावर एक लक्षात ठेवा, पन्हाळा-शाहूवाडीकडच्या रानात विशेषतः: एचएसटीत पाय काढला की ट्रॅक्टर थांबतो म्हणून हँडब्रेक न लावता उतरायचं नाही, इंजिन बंद असताना तीच आतली गळती त्याला हळूहळू उताराकडं सरकवते.

हे काही नवीन तंत्र नव्हे. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 656 हायड्रो हा ट्रॅक्टर 1967 साली बाजारात आणला होता. पुढं 1995 साली जर्मनीच्या फेंटनं व्हेरिओ आणला, त्यात पॉवरचा काही भाग तेलातनं आणि काही गिअरमधनं जातो आणि पुढं दोन्ही एकत्र होतात, म्हणजे वेग एचएसटीसारखा पाहिजे तेवढा आणि नुकसान कमी. पण ते मोठ्या आणि महाग ट्रॅक्टरचं काम, आपल्या चार फुटी सरीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचं नव्हे.

तर मामांचं काम काय? सरी सोडणं, उसाला माती लावायची बाळभरणी आणि मोठी भरणी, वर्षातनं दोन-तीनदा रोटर, आणि आठवड्याला ट्रॉली. यातलं बरंचसं ओढीचं, डिझेल स्वतःच्या खिशातलं, आणि बिघाड झाला तर गावातला मिस्त्री गिअरबॉक्स खोलू शकतो, तो पिस्टन पंप नाही खोलणार. मी म्हटलं मामा, तुम्ही गिअरचाच घ्या, पण डबल क्लच आहे का ते आधी बघा, म्हणजे चाक थांबलं तरी रोटर फिरत राहील. नुसता इंजिनचा एचपी विचारू नका, पीटीओ एचपी विचारा, आणि मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्थेत ट्रॅक्टर तपासतात त्याचा रिपोर्ट मागा, त्यात पीटीओची पॉवर आणि ओढ दोन्ही मोजलेली असते. आणि लो रेंजच्या पहिल्या गिअरला ताशी किती वेग पडतो ते तर विचाराच, भरणीला सगळा खेळ त्याचाच असतो.

मामा परवा शोरूमला जाऊन आले. तिथल्या पोराला ट्रॅक्टर चालू करायला लावला, पहिला गिअर टाकायला लावला आणि स्वतः शेजारनं चालत गेले. रात्री फोनवर म्हणाले, "अरं मलाच दोनदा थांबावं लागलं त्याच्यासाठी, एवढं हळू चालतंय. आता तेवढं क्लचचं बघतो."